मुंबई बेटाचा पट्टेदार वैद्य आणि त्याच्या माड-पोफळी: गार्सिया द ऑर्ताविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-वसईच्या पोर्तुगीज काळाचा विषय निघाला की गार्सिया द ऑर्ताचं नाव येतंच. आलं की तेच तेच प्रश्न येतात, आणि बऱ्याचदा उत्तरं अर्धीमुर्धी दिली जातात. कोणी त्याला ‘मुंबईचा पहिला मालक’ करून टाकतं, कोणी नुसता ‘औषधी वनस्पतींचा अभ्यासक’ म्हणून सोडून देतं. माझ्या मते या दोन ओळखी वेगळ्या काढताच येत नाहीत. जमिनीचा पट्टा आणि नारळ-सुपारीचं ज्ञान या माणसाच्या आयुष्यात एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून नेहमीचे प्रश्न एका ठिकाणी घेतले आहेत.

गार्सिया द ऑर्ता होता तरी कोण?

पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदे या गावात १५०१च्या सुमारास जन्मलेला वैद्य. आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ साली तिथून ज्यूंना हाकललं तेव्हा ते सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले आणि पुढे त्यांना ख्रिस्ती व्हावं लागलं. अशा घरांना तिकडे ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत, आणि त्यांच्यावरचा संशय पिढ्यान्‌पिढ्या संपत नसे. ऑर्ता सालामांका आणि अल्काला इथं शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात काही काळ शिकवलं, आणि मार्च १५३४मध्ये मार्तिम अफोन्सो द सूझाच्या ताफ्यातून हिंदुस्थानाकडे निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरात तो गोव्याला पोचला. परत कधी गेला नाही. १५६८ साली गोव्यातच वारला.

या चौतीस वर्षांत त्यानं गव्हर्नर-व्हाइसरॉयांवर उपचार केले, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्यकी केली, औषधांचा आणि रत्नांचा व्यापार केला. आणि १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झालेलं एक पुस्तक लिहिलं. हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवरचे संवाद असं त्याचं स्वरूप आहे. आपल्या देशात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्यावहिल्या पुस्तकांपैकी ते एक.

तो खरंच मुंबईचा मालक होता का?

‘मालक’ हा शब्द सैल आहे. तो पट्टेदार होता. २३ डिसेंबर १५३४च्या तहानं गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात मुंबईची बेटंही गेली. जमीन राजाची झाली. राजाच्या वतीनं गोव्यातला व्हाइसरॉय ती गावागावानं आणि बेटाबेटानं लोकांना लावून देई. घेणाऱ्यानं दरसाल ठरलेला सारा वसईच्या खजिन्यात भरायचा. गोव्यात ज्याला ‘फोर’ म्हणतात तोच हा प्रकार. काही पट्टे तीन पिढ्यांचे असत, काही कायमचे. ऑर्ताला १५५४च्या सुमारास, पेद्रू मास्कारेन्यस व्हाइसरॉय असताना, मुंबई बेट कायमच्या पट्ट्यानं मिळालं.

म्हणजे बेटाचं उत्पन्न त्याचं, बेटावरच्या कुळांकडून वसुली करण्याचा हक्क त्याचा, पण वरची धनी राजसत्ता. आपल्याकडच्या वतन-इनामांची ज्यांना कल्पना आहे त्यांना हे चटकन उमगेल.

किती मोठी होती ही जमीन? सगळी सात बेटं?

नाही. सातांपैकी जे खास ‘मुंबई’ म्हणून ओळखलं जाई ते एक बेट, म्हणजे ढोबळमानानं डोंगरीपासून मलबार हिलपर्यंतचा भाग. माहीम, माझगाव, परळ, वरळी यांचे व्यवहार निराळे चालत. परळ, वडाळा, शीव ही गावं १५४०च्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्याच एका पोर्तुगीजाला दिलेली होती आणि घारापुरी तिसऱ्याला.

भाडं किती होतं?

ऑर्ताच्या आधी हे बेट मेस्त्रे दियोगु नावाच्या माणसाकडे होतं आणि त्याचा सारा वर्षाला १४३२½ पर्दाव (त्या काळचं नाणं) असल्याची नोंद आहे. बेटावर भातशेती, माडांच्या वाड्या, मिठागरं आणि मासेमारी. आज त्या जमिनीची जी किंमत आहे ती डोळ्यापुढे ठेवून या आकड्यावर हसू नये. त्या काळी गोवा, वसई आणि चौल ही शहरं होती, मुंबई हे खाडीपलीकडचं शेतीचं बेट होतं.

ऑर्ता मुंबईत राहायचा का?

त्याचा संसार, दवाखाना आणि बाग गोव्यात. मुंबईला त्याचं घर होतं, तो येऊनजाऊन असणार, पण बेटाचा रोजचा कारभार कुळांमार्फत चाले. याचं एक फार जिवंत चित्र त्याच्याच पुस्तकात आहे. आंब्यावरचा संवाद चालू असताना नोकर आत येऊन सांगतो की मुंबईचं तुमचं कूळ सिमाव तोस्कानू आलं आहे, गव्हर्नरसाहेबांना नजर करायला ही आंब्यांची करंडी त्यानं आणली आहे, आणि होडी नांगरून तो इथंच मुक्कामाला येतो म्हणाला आहे.

एवढ्याशा निरोपात अख्खी व्यवस्था दिसते. मुंबईचं फळ होडीनं गोव्याला जातं. ते पट्टेदाराच्या घरी पोचतं आणि तिथून भेट म्हणून सत्तेच्या दारात. ज्याच्या मेहरबानीनं जमीन टिकते त्याला जमिनीचंच फळ जातं. ऑर्तानं हे लपवलेलं नाही, उलट कौतुकानं लिहिलं आहे. याच संवादात तो आपल्या मुंबईच्या एका आंब्याबद्दल सांगतो: वर्षातून दोनदा फळतो, एकदा नाताळच्या सुमारास आणि एकदा मे महिन्याच्या अखेरीस.

या जमिनीचा आणि माड-पोफळींचा संबंध काय?

माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो सर्वांत कमी विचारला जातो.

आपल्या पट्ट्याचा स्पष्ट उल्लेख ऑर्ता कुठे करतो? सुपारीवरच्या संवादात. कुठली सुपारी चांगली, कुठली कमी, हे सांगता सांगता तो म्हणतो की त्याहून सरस मुंबईची, जी जमीन आणि जे बेट आमच्या राजानं मला मेहरबानीनं कायमच्या पट्ट्यानं दिलं आहे. वाक्य सुपारीच्या प्रतीबद्दल सुरू होतं आणि मिळकतीपाशी संपतं.

मुंबईचा पोर्तुगीज इतिहास लिहिणारे हे वाक्य जमिनीचा पुरावा म्हणून देतात. औषधी वनस्पतींचे अभ्यासक सुपारीची माहिती म्हणून देतात. दोघंही निम्मं वाक्य वापरतात. ऑर्ताच्या डोक्यात मात्र ती एकच गोष्ट होती. ज्याच्या हिशेबात सुपारीचं उत्पन्न येतं त्याला कोणती सुपारी कुठं विकली जाते, कोणत्या गावच्या मालाला भाव येतो, हे ठाऊक असावंच लागतं. ग्रीक-अरबी ग्रंथांतून हे कळत नाही. वाडीच्या बांधावर आणि बंदरावर कळतं.

आणि म्हणूनच त्याचं सुपारीचं कौतुक वाचताना थोडं सावधही राहावं. ‘मुंबईची सुपारी उत्तम’ हे मुंबईच्या सुपारीवर पोट असलेला माणूस सांगतो आहे. यानं त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही, पण तो कुठं उभा राहून बोलतो आहे ते कळतं.

सुपारीबद्दल आणखी काय सांगतो?

नावं सांगतो. मलबारात ‘पाक’, तिथले नायर ‘अरेका’ म्हणतात, गुजरात आणि दख्खनमध्ये ‘सुपारी’, अरबांत ‘फौफल’. प्रत्येक द्रव्याचं नाव मुलखामुलखात काय आहे हे नोंदवायची त्याची सवय व्यापाऱ्याला आणि वैद्याला सारखीच उपयोगाची. बंदरावर चुकीच्या नावानं चुकीचं औषध विकत घेतलं तर रोगी दगावेल आणि पैसाही जाईल.

नारळावर तो काय लिहितो?

इथं तो खुलतो. नारळाचा संवाद म्हणजे एका झाडाची पूर्ण बाजारपेठ आहे, आणि कोकणी माणसाला तो वाचताना आपल्या परसात फिरल्यासारखं वाटेल.

बाहेरची सोडणं चिवट असतात, त्यांचा काथ्या होतो आणि सगळ्या प्रकारच्या गलबतांचे दोर त्यापासून वळतात, हे तो सांगतो. नारळ वाळवून त्याचं सुकं खोबरं करतात आणि ते होर्मुझला आणि बालाघाटात पाठवतात, हेही सांगतो. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख, आपला देश. पंधराशे त्रेसष्ट सालच्या पोर्तुगीज पुस्तकात कोकणातलं खोबरं घाट चढून वर चाललेलं दिसतं, आणि आजही देशावरच्या वाटणाला सुक्या खोबऱ्याशिवाय चव येत नाही. ओला नारळ किनाऱ्याचा, सुकं खोबरं घाटमाथ्याच्या पलीकडचं. वाहतुकीनं ठरवलेला हा स्वयंपाकातला फरक इतका जुना आहे.

फळाला पोर्तुगीज ‘कोको’ का म्हणतात तेही त्यानं दिलं आहे: करवंटीवरचे तीन डोळे माकडाच्या किंवा तसल्याच एखाद्या प्राण्याच्या तोंडासारखे दिसतात म्हणून.

माडीसाठी वेगळे माड असतात असं तो म्हणतो. ते खरं आहे का?

त्याचं वाक्य असं आहे की लोक दोन तऱ्हेचे माड राखतात, एक फळासाठी आणि दुसरे ‘सुरे’साठी. सुरा म्हणजे माडी. वनस्पती म्हणून पाहिलं तर झाड एकच. फरक वापराचा आहे, आणि तो वापर समजून घ्यायचा तर माडी कशी निघते ते डोळ्यासमोर आणावं लागेल.

माडाची पोय, म्हणजे फुलोरा, उमलायच्या आधीच दोरीनं घट्ट आवळून बांधतात. हलक्या हातानं ठोकून ठोकून ती आतून मऊ करतात. मग टोक कोयत्यानं छाटायचं आणि खाली मडकं बांधायचं. छाटलेल्या तोंडातून रस पाझरत राहतो. पण तोंड सुकलं की पाझर थांबतो, म्हणून माणसाला रोज सकाळ-संध्याकाळ वर चढून अगदी कागदासारखी पातळ चकती पुन्हा काढावी लागते. जास्त छाटलं तर पोय लवकर संपते, कमी छाटलं तर वाट बुजते. हाताला हे कळायला वर्षं जातात.

अशी छाटलेली पोय नारळ धरत नाही. म्हणजे कुठला माड फळाला ठेवायचा आणि कुठला माडीला लावायचा, हा दर झाडामागे घ्यायचा उत्पन्नाचा निर्णय आहे. ऑर्ता ‘दोन तऱ्हेचे माड’ म्हणतो तेव्हा तो हा निर्णय सांगतो आहे. झाडांकडे वाडीवाल्याच्या नजरेनं बघितल्याशिवाय अशी विभागणी सुचत नाही.

पुढची प्रक्रियाही त्यानं नोंदली आहे. झाड भरपूर रस देत असेल तर आणखी एक मडकं काढतात आणि तो रस उन्हात किंवा विस्तवावर आटवून गूळ करतात. सुरा भट्टीवर चढवली की दारू निघते, ती इतकी कडक की तिच्यात भिजवलेली चिंधी पेट घेते. त्या पहिल्या कडक धारेला ‘फुला’ म्हणतात, आणि मागे उरलेल्या सौम्य दारूत थोडी फुला मिसळून ‘उर्राक’ करतात. काजूच्या मोसमात गोव्याला गेलेल्यांनी उर्राक हे नाव ऐकलेलं असेल. ऑर्ता लिहीत होता तेव्हा ते माडाच्या दारूचं होतं.

नारळ-पोफळी मूळच्या इथल्याच ना?

ऑर्ता आला तेव्हा त्या इथं शतकानुशतकं रुजलेल्या होत्या. पोफळीचं मूळ आग्नेय आशियात मानलं जातं. नारळाबाबत २०११च्या जनुकीय अभ्यासानं दोन स्वतंत्र वंश दाखवले, एक प्रशांत महासागराकडचा आणि एक हिंदी महासागराकडचा, म्हणजे आपल्या बाजूला त्याची लागवड स्वतंत्रपणे सुरू झाली असावी.

पण जमीन आणि माड यांच्या जोडीचा कोकणातला पुरावा हवा असेल तर नाशिकच्या पांडवलेण्यांत जावं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात, नानंगोल नावाच्या गावातली बत्तीस हजार नारळीची झाडं दान दिल्याचं कोरलेलं आहे. दान घेणाऱ्यांत शूर्पारक, म्हणजे वसईजवळच्या सोपाऱ्याचे चरकही (एक धार्मिक समुदाय) आहेत. याचा अर्थ पोर्तुगीज येण्याच्या चौदाशे वर्षं आधी उत्तर कोकणात माड मोजले जात होते आणि झाडांच्या रूपात संपत्ती हातांतरित होत होती. ऑर्तानं यातलं काही शोधून काढलं नाही. चालत आलेल्या व्यवस्थेत तो वरच्या जागी येऊन बसला आणि त्यानं ती लिहून ठेवली. लिहून ठेवली याचं मोल मोठं आहे.

दर्याई नारळाची भानगड काय आहे?

नारळाच्याच संवादात पुढे मालदीवचा नारळ येतो. एकात एक जुळलेले दोन, एखाद्या जनावराच्या मागच्या भागासारखे दिसणारे, समुद्रातून वाहत येणारे. विषावर उतारा म्हणून राजेरजवाडे त्यासाठी वाटेल ती किंमत मोजत. आपल्याकडे तो जहरी नारळ म्हणून काष्ठौषधीवाल्यांच्या दुकानांत मिळायचा आणि साधूंच्या हातात त्याचे कमंडलू असायचे.

तो येतो कुठून? ऑर्ता ऐकीव गोष्ट सांगतो: ती बेटं पूर्वी मुख्य भूमीला जोडलेली होती, सखल असल्यानं बुडाली, झाडं जागच्या जागी राहिली, म्हातारी झाली आणि त्यांना असली प्रचंड कठीण फळं धरली, ती आता समुद्राखालच्या मातीत पुरलेली आहेत. पण लगेच तो जोडतो की याच्या उलट काही कळलं तर कळवीन, देवानं आयुष्य दिलं आणि मलबारला जाणं झालं तर तिथं सगळा छडा लावायचा विचार आहे.

मला हा ऑर्ता सर्वांत आवडतो. आपल्या बेटावरच्या सुपारीबद्दल ठामपणे बोलणारा माणूस, न पाहिलेल्या झाडाबद्दल मात्र ‘लोक असं म्हणतात’ इतकंच म्हणतो आणि पुढच्या चौकशीची जागा मोकळी ठेवतो. ते झाड सेशेल्स बेटांवर वाढतं हे युरोपियनांना १७६८मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बरोबर २०० वर्षांनी कळलं. मालदीवशी त्याचा संबंध फक्त लाटांचा. तरी शास्त्रीय नावात ‘मालदिविका’ चिकटून राहिलं.

झाडं प्रत्यक्ष राखत कोण होतं?

वसई मुलखातल्या लोकांचं वर्णन ऑर्तानं केलं आहे. त्यात भात पेरणारे कुणबी आहेत, वाड्या-बागा सांभाळणारे माळी आहेत, राजाचा सारा गोळा करणारे परभू आहेत. म्हणजे बेटाचं उत्पन्न कोणाकोणाच्या हातांतून येतं हे त्याला नीट ठाऊक होतं.

माडांपुरतं बोलायचं तर भंडारी समाजाचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १६७३ साली मुंबईत आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरनं लिहिलं आहे की मुंबई आणि माहीम गावांच्या मागे मैलोगणती माडांची बनं पसरलेली आहेत, त्यांच्याखाली ती राखणारे भंडारी राहतात, आणि बेटावरची सर्वांत मोठी मिळकत म्हणजे याच वाड्या. ऑर्ताच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी केलेली ही नोंद आहे, पण माड काही एका रात्रीत उगवत नाहीत. ऑर्ताच्या काळच्या वाड्या साधारण अशाच असणार.

ऑर्ताच्या पुस्तकात सामान्य माणसं अगदीच नाहीत असं नाही. अंतोनिया नावाची त्याची दासी संवादांत येते, सांगितलेली वनस्पती बागेतून आणून दाखवते. माळुपा नावाचा गोव्यातला हिंदू वैद्यही येतो. पण माडावर चढून पोय बांधणाऱ्याचं काम इतक्या बारकाईनं येतं आणि त्याचा आवाज मात्र संवादात येत नाही. रुआनो हा स्पेनहून आलेला काल्पनिक विद्वान प्रश्न विचारतो आणि ऑर्ता उत्तरं देतो. त्या उत्तरांतली कितीतरी मूळची भंडाऱ्यांची, माळ्यांची, मलबारच्या काथ्यावाल्यांची आहेत. आज कोणी या पुस्तकावर लिहिणार असेल तर हे ऋण नावानिशी मान्य करावं, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

ताड, शिंदी, भेरली माड यांच्याबद्दलही त्यानं लिहिलं का?

त्याचे स्वतंत्र संवाद नारळाला आणि सुपारीला आहेत. औषधाच्या पेठेत आणि समुद्रावरच्या व्यापारात ज्यांना मान होता ती ही झाडं. बाकीच्यांचा पुरता विचार पुढे व्हायचा होता.

मग त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणावं का?

म्हणावं, पण आजच्या अर्थानं नाही. १५६३च्या त्या पुस्तकात चित्रं नाहीत, वर्गीकरण नाही. चित्रं नंतर क्रिस्तोव्हाव दा कोस्तानं १५७८च्या आपल्या पुस्तकात घातली, आणि त्यात ऑर्ताचा मजकूर सढळ हातानं वापरला. ऑर्ताचं बळ दुसऱ्या जागी आहे. जुन्या ग्रंथकारांनी हिंदुस्थानातल्या द्रव्यांबद्दल जे ऐकीव लिहून ठेवलं होतं ते तो स्वतः पाहिलेल्याशी ताडून बघतो आणि जिथं पटत नाही तिथं सरळ सांगतो. युरोपात राहून ज्या मोठ्या नावांविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती ती इथं झाली, असंही त्यानं सुचवलं आहे.

‘गार्सिनिया’ हे कोकमाचं शास्त्रीय नाव त्याच्यावरून आलं का?

नाही. ते लोरां गार्सँ या नंतरच्या फ्रेंच-स्विस वनस्पतितज्ज्ञावरून आहे. ऑर्तानं कोकमाचं वर्णन ‘ब्रिंदाव’ या नावानं केलं आहे, त्यामुळे हा गोंधळ होतो.

त्याच्या पुस्तकामुळेच इन्क्विझिशननं (धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयानं) त्याची हाडं जाळली का?

पुस्तकाचा यात दोष नव्हता. ते व्हाइसरॉयच्या आणि खुद्द गोव्याच्या इन्क्विझिटरच्या परवानगीनं छापलं गेलं. त्यात पोर्तुगीज कवी कामोंइशची कविताही आहे, त्या महाकवीची ही पहिली छापलेली कविता. पण १५६०मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसलं आणि ऑर्ताच्या मृत्यूनंतर त्याच्या घरच्यांची धरपकड सुरू झाली. बहीण कातारिना हिला २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जिवंत जाळलं. ऑर्ता आयुष्यभर गुपचूप ज्यू धर्म पाळत होता असा ठपका ठेवून त्याची हाडं उकरली आणि ४ डिसेंबर १५८०च्या सोहळ्यात ती जाळली.

ज्या राजसत्तेनं त्याला कायमचा पट्टा दिला तिच्याच राज्यात त्याला कायमची कबरही मिळाली नाही. त्याच्या जमिनीबद्दल बोलताना मी हे आवर्जून सांगतो. तो सत्तेच्या बाजूचा माणूस होता, त्याला राबणाऱ्या हातांचं उत्पन्न मिळत होतं, हे खरंच. पण तीच सत्ता त्याच्या घरावरही लक्ष ठेवून होती. गव्हर्नरला आंब्याची करंडी पाठवण्यामागे नुसती खुशामत होती की आपलं छप्पर शाबूत ठेवायची धडपडही होती, याचा विचार केल्याशिवाय मला तो प्रसंग वाचवत नाही.

पुस्तक युरोपात पोचलं कसं?

क्लूसियस या वनस्पतितज्ज्ञाला ते लिस्बनमध्ये मिळालं, त्यानं लॅटिनमध्ये संक्षेप केला आणि १५६७ साली तो अँटवर्पला प्लांतँच्या छापखान्यातून निघाला. हाच संक्षेप सगळीकडे वाचला गेला. मात्र क्लूसियसनं संवादाचा साचा मोडून सरळ माहिती मांडली. नारळ-सुपारीची माहिती युरोपभर गेली, पण गप्पांच्या ओघात येणारं घर, नोकर, कुळं यांचं जग मागे पडलं. जमिनीशी असलेला ज्ञानाचा धागा तिथंच तुटला असं मला वाटतं. मूळ पोर्तुगीज संहिता काँद द फिकाल्यु यानं १८९०च्या दशकात सटीप छापली तेव्हा कुठे तो पुन्हा हाती आला.

ऑर्तानंतर बेटाचं काय झालं?

पट्टा हात बदलत राहिला. १६६१च्या विवाह-करारात पोर्तुगालच्या राजघराण्यानं मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुकनं ताबा घेतला तो बेटाची तेव्हाची धनीण दोना इग्नेस द मिरांदा हिच्या वाड्यात, आणि तो वाडा ऑर्ताच्याच घराच्या जागी होता असं मानलं जातं. १६६८ साली चार्ल्सनं सगळं बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं देऊन टाकलं. पुन्हा पट्टाच.

वाड्या मात्र टिकल्या. इंग्रजी अमदानीत गिरगाव, माहीम, दादर भागांतल्या माडांच्या बागा दीर्घकाळ होत्या. माडांना खत म्हणून बारीक मासळी पुरायची पद्धत होती आणि तिच्या दुर्गंधीमुळे बेटाची हवा बिघडते अशी गोऱ्यांची तक्रार असे. गिरगावातल्या कितीतरी गल्ल्यांच्या नावात अजून ‘वाडी’ आहे. चाळी उठण्याआधी तिथं खरोखरच वाड्या होत्या.

आज बघायला काय उरलंय?

फोर्टमध्ये एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलच्या मागे जुन्या बॉम्बे कॅसलचे अवशेष आहेत. ऑर्ताचा वाडा तिथंच होता असं मानतात. ती जागा आता नौदलाच्या ताब्यात आहे, आयएनएस आंग्रे, त्यामुळे वाटेल तेव्हा आत जाता येत नाही. पोर्तुगीज शिपायांच्या आकृती कोरलेला एक जुना दरवाजा आत आहे. पणजीला चर्चसमोरच्या चौकातली बाग ऑर्ताच्या नावानं आहे, तिथं कोणीही जाऊन बसू शकतं. आणि वसईच्या वाड्यांत अजून पोफळी उभ्या आहेत. ऑर्तानं ज्या मुलखाची सुपारी वाखाणली त्याची थोडी कल्पना तिथं येते.

पुस्तक वाचायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?

पोर्तुगीज येत असेल तर फिकाल्युची आवृत्ती घ्या, टिपांसकट. इंग्रजीत क्लेमंट्स मार्कम यांचा १९१३चा अनुवाद आहे. संवाद साधारण वर्णानुक्रमानं लावलेले असल्यानं पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. आधी सुपारीचा वाचा, मग नारळाचा, मग आंब्याचा. वाचताना शेजारी कोकणात वाडी असलेलं कोणी बसवता आलं तर फारच उत्तम. पोय, सोडण, झाप यांबद्दल ते जे सांगतील ते पानाच्या समासात लिहून ठेवा.